हजार-बाराशेच्या आतली रेड-व्हाइट वाइन: चव घ्यायची कशी आणि सांगायची कशी?

निवांत_ठाणेकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज विचारतोच. आमचा चार मित्रांचा जुना कट्टा आहे, महिन्यातल्या एखाद्या शनिवारी कुणाच्या तरी घरी बसतो. पूर्वी व्हिस्की चालायची, आता दोघांच्या बायकांनी फतवा काढल्यामुळे वाइनवर आलोय. बजेट बाटलीला हजार-बाराशे, त्याच्या वर कुणी जात नाही आणि जायची इच्छापण नाही. सुला, फ्रातेल्ली, यॉर्क, ग्रोव्हर, दुकानात समोर जे दिसेल ते उचलतो.

प्रॉब्लेम असा की पिऊन झाल्यावर "मस्त आहे" किंवा "कडक आहे" याच्या पुढे आमची गाडीच जात नाही. बाटलीच्या मागे लिहिलेलं असतं ब्लॅकबेरी, गूजबेरी, लेदर, सिगार बॉक्स. आता गूजबेरी आमच्यापैकी कुणाच्या बापाने खाल्लीये? मला तर सगळ्या व्हाइट सारख्याच लागतात, थंड आणि आंबट, आणि रेड म्हटली की जीभ खरखरीत होते, घशात गरम गरम जातं, आमचा एक मित्र म्हणतो हा काढा आहे, झोपताना दोन चमचे घ्या. पण हाच प्राणी मागच्या वेळी एका रेडला "ही वेगळी आहे रे" म्हणाला, आणि वेगळी म्हणजे काय ते त्याला पण सांगता येईना आणि आम्हाला पण, त्यावर रात्री साडेबारापर्यंत वाद.

कोर्सबिर्स करायचा नाहीये. घरच्या घरी, स्वस्तातल्या बाटल्यांवर हे शिकता येतं का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

(आरोग्यावर प्रवचन नको, ते घरी मिळतं.)

टवाळखोर

आवडली तर प्यायची, नाही आवडली तर पाहुण्यांना पाजायची, झालं टेस्टिंग. लेदर-सिगार सगळं मार्केटिंग आहे हो. 2001 साली बोर्दोच्या लोकांनी एक प्रयोग छापला होता, वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली, आणि पोरांनी तिचं वर्णन रेड वाइनचे शब्द वापरून केलं! शिकलेल्यांची ही तऱ्हा, तुम्ही-आम्ही कुठे लागून गेलो.

स्वराली_पुणे

टवाळखोर, प्रयोग खरा आहे पण त्यातून "सगळ्या थापा" असं निघत नाही. त्यात वासाचं वर्णन करायचं होतं, आणि वास ओळखताना डोळे नाकाला फसवतात एवढं त्यातून दिसलं. म्हणूनच मी नवीन माणसाला सांगते की वासापासून सुरुवात करूच नका. ब्लॅकबेरी गेली उडत. आधी तोंडात काय होतंय ते बघा, तिथे फसायला जागा कमी असते.

ठाणेकर, मी डब्ल्यूएसईटीची (वाइन शिकवणारी संस्था) लेव्हल टू केली आहे, म्हणजे फार मोठी तज्ज्ञ नाही पण पद्धत माहितीये. तुमच्या दोन्ही तक्रारींचं अर्धं उत्तर तापमानात आहे. रेड "रूम टेंपरेचर"ला प्यायची हे आपण ऐकलेलं असतं, पण ती रूम युरोपातली, 16-18 डिग्रीची. ठाण्यात मे महिन्यात कपाटातनं काढलेली रेड 30-32 डिग्रीला असते, तेवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोल नाकात आणि घशात आधी येतं आणि बाकी सगळं त्याच्याखाली दबतं. बाटली प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, बिनधास्त, कुणी हसलं तर हसू दे. व्हाइटचं उलटं. फ्रीजच्या 4-5 डिग्रीला वास जवळजवळ बंद होतो, मग सगळ्या थंड आणि आंबट लागणारच ना! काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, 8-10 डिग्रीला आली की मग प्या. ग्लास साधा चालेल, फक्त तोंडाशी थोडा निमुळता हवा आणि पाव भागाच्या वर भरायचा नाही, नाहीतर हलवायला जागा राहत नाही.

आता घोट. बऱ्यापैकी घ्या, चिमणीएवढा नको, लगेच गिळू नका, हिरड्या-गालांपर्यंत सगळीकडे फिरवा आणि मग गिळा. गिळल्यावर बोलू नका. जबड्याच्या मागून पाणी सुटतंय का बघा, कैरीचं नाव काढल्यावर सुटतं तिथूनच. ते आंबटपणामुळे, आणि जितका वेळ सुटत राहील तितका आंबटपणा जास्त. मग जीभ वरच्या हिरड्यांवरून आणि ओठाच्या आतून फिरवा. कोरडं, खरखरीत, ओढल्यासारखं लागलं तर ते टॅनिन, म्हणजे तुरटपणा. तुमच्या मित्राचा काढा म्हणजे नव्वद टक्के हाच. यात पण प्रकार असतात, काहींचा तुरटपणा बारीक पिठासारखा सगळीकडे पसरतो आणि काहींचा फक्त पुढच्या दातांमागे टोचत बसतो, हा फरक एकदा कळला की "वेगळी आहे रे" म्हणजे काय ते सांगता येतं. मग वजन बघायचं, तोंडात पातळ होऊन पळून जाते की जाड लागते. शेवटी गिळल्यानंतर चव किती टिकते, मनात आकडे मोजा. तीन-चारला संपली की साधी, दहाच्या पुढे गेली तर त्या पैशात लॉटरी लागली समजा.

गोडव्याची एक गंमत. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइटच्या द्राक्षांची नावं. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लां किंचित गोड ठेवलेल्या असतात, पण सोव्हिन्यों ब्लांसुद्धा लोकांना फळांच्या वासामुळे गोड वाटते. खात्री करायची तर नाक चिमटीत घट्ट धरून घोट घ्या. तरीही जिभेवर गोड लागली तर साखर आहे, नाहीतर तो वास होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक बाटली एकटी पिऊन काही कळत नाही, दोन शेजारी शेजारी हव्यात. तुम्ही चौघं आहात म्हणजे सोयच आहे. पहिल्या वेळी शेनिन आणि सोव्हिन्यों, दोन्ही त्याच वाइनरीच्या साध्या रेंजमधल्या. पुढच्या वेळी दोन रेड, एक कॅबर्ने-शिराझ (रेडची दोन द्राक्षं) मिक्स आणि एक फ्रातेल्लीची सांजोव्हेजे मिळाली तर. सांजोव्हेजे हे पण रेडचंच द्राक्ष, मूळची इटलीतल्या तोस्कानाची, अकलूजकडे चांगली रुजलीये, आंबटपणा जास्त आणि रंग जरा फिका, त्यामुळे जाडजूड शिराझशेजारी फरक डोळे मिटून कळतो.

गोवेकर_काका

आमची गोव्याची गोड पोर्ट वाइन राहिली की! स्वस्तातली म्हटलं तर तिच्यासारखी स्वस्त कुठली?

स्वराली_पुणे

काका, पोर्टवर माझा राग नाही, नाताळात बेबिंकाबरोबर मीपण घेते. पण एवढ्या साखरेखाली आंबट-तुरट सगळं झाकून जातं, शिकायला उपयोगाची नाही.

दिंडोरीकर

राम राम. मी पिणारा कमी, पिकवणारा जास्त. आमच्याकडं थोडी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, आहे मार्केटसाठी आणि थोडी शिराझ वाइनरीच्या करारावर. स्वरालीताईंनी तोंडातलं सांगितलं ते बागेत कुठून येतं ते सांगतो.

खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. आता शिराझचा काळाकुट्ट घड जरी पिळला तरी रस फिकाच निघतो बरंका, रंग सगळा सालीत. व्हाइट करताना रस काढून साल-बिया लगेच बाजूला करतात, रेडला साल-बियांसकट आंबवतात, म्हणून रंगपण येतो आणि तुम्ही म्हणता तो काढापण तिथूनच येतो.

तोडणीच्या आधी वाइनरीचा माणूस बागेत येतो, त्याला बघण्यात मजा असते. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, बघतो, 22-24 च्या आसपास साखर हवी असते, पण त्यावर थांबत नाही. वेगवेगळ्या ओळीतनं, घडाच्या वरनं-खालनं मणी तोडतो आणि तोंडात टाकतो. आधी गर चोखून घेतो, मग साल दाढेखाली धरून चावत राहतो, मग बी हातावर काढून रंग बघतो आणि फोडून खातो. बी हिरवट आणि कडू असली की म्हणतो अजून थांबा, मग साखर कितीही चढलेली असो. तपकिरी झाली, कुरकुरीत फुटली की तारीख देतो. हिरव्या बीचा तुरटपणा बाटलीत गेला की तो टोचतो, ताई म्हणतात तसा पुढच्या दातांमागं.

दुसरं, आपल्याकडं वेलीला दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळा काढून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्च. म्हणजे युरोपात द्राक्ष गारव्याकडं जाताना पिकतं आणि आपलं उन्हाकडं जाताना. ऊन वाढलं की साखर पटापट चढते आणि आंबटपणा खाली येतो, म्हणून व्हाइटचा माल आधी उतरवायचा आणि तोपण पहाटे, गार असताना. तुम्हाला एखादी व्हाइट बेचव, बसकी लागली तर बरेचदा तिचा आंबटपणा कमी पडलेला असतो, तुमच्या जिभेचा दोष नाही.

निवांत_ठाणेकर

वा, एवढं सविस्तर येईल वाटलं नव्हतं, दोघांचेही आभार. दिंडोरीकर भाऊ, मला आजपर्यंत वाटायचं काळ्या द्राक्षाचा रस काळाच असतो, घरी सगळ्यांना ऐकवलं.

दोन शंका. वासाचं पुढे काय? ते सोडूनच द्यायचं का कायमचं? आणि बाटलीवर साल लिहिलेलं असतं त्यात जुनं बघून घ्यायचं की नवीन, कारण आमच्या इथल्या दुकानदाराने एक धुळीने भरलेली व्हाइट "जुनी आहे साहेब, मुरलेली" म्हणून गळ्यात मारली आणि ती बेदाण्याच्या पाण्यासारखी निघाली, रंगपण चहासारखा.

मेलबर्नची_माहेरवाशीण

ही मुरलेली नव्हे, उन्हात शिजलेली! या किमतीतल्या बहुतेक व्हाइट ताज्याच प्यायला केलेल्या असतात, सगळ्यात नवीन साल बघून घ्यायची. साध्या रेडचं पण तसंच, दोन-चार वर्षांच्या पुढची नको. आणि दुकानात बाटली शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली किंवा काचेशी उन्हात उभी असेल तर ती सोडून आतल्या खोक्यातली मागायची, दुकानदार कुरकुर करतो पण देतो. स्क्रू कॅपला नाकं मुरडू नका, इकडे चांगल्या चांगल्या बाटल्यांना तेच असतं आणि बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात येत नाही. कधी कधी उघडल्या उघडल्या काडेपेटीसारखा वास येतो, तो ग्लासात जरा घोळवला की जातो.

शिराझ इकडची राणी, त्यामुळे सुट्टीत आले की मी मुद्दाम नाशिकची घेऊन तुलना करते. इकडच्या बॅरोसा भागातली असते ती जाड, जामसारखी, पिकून गेलेल्या फळाची. आपल्याकडची जरा हडकुळी पण तिच्यात मसाला जास्त लागतो, निदान मला तरी. स्वस्त म्हणून कमी लेखायची गरज नाही, इकडे तर 1965 पासून खोक्यातली वाइन मिळते, आत पिशवी आणि बाहेर नळ, आणि लोक आनंदाने पितात. उलट तिकडे बाहेरच्या बाटलीवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के कस्टम ड्यूटी होती, त्यामुळे दोन हजाराला मिळणारी इंपोर्टेड ही पुष्कळदा इथली अगदी साधी बाटली असते. त्या पैशात देशी दोन घ्या.

स्वराली_पुणे

वास सोडायचा नाही, फक्त रांगेत मागे उभा करायचा. आणि गूजबेरी शोधत बसायचं नाही. मी काय करते, टेबलावर मिसळणाचा डबा उघडून ठेवते. मिरी, लवंग, दालचिनी, तमालपत्र. शेजारी पेरूची फोड, लिंबाची साल, ढोबळी मिरची चिरून, सीझन असेल तर जांभूळ नाहीतर करवंद. आधी ग्लास हुंगायचा, मग हे एकेक हुंगायचं, मग परत ग्लास. यात थोतांड काही नाही, सोव्हिन्यों ब्लांमध्ये जे द्रव्य हिरवा वास देतं तसलंच ढोबळी मिरचीत असतं. शिराझमधला मिरीचा वास तर शब्दशः मिरीचाच, रोटंडोन नावाचं द्रव्य दोन्हीकडे सापडलंय, ऑस्ट्रेलियात 2008 साली हे शोधून काढलं. त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास कितीही दिला तरी येतच नव्हता! म्हणजे चौघांतल्या एकाला मिरी नाही लागली तर त्याला वेड्यात काढू नका.

शब्द अडले तर मोठ्याकडून छोट्याकडे या. फळ आहे का फूल का मसाला का पालापाचोळा? फळ असेल तर आंबट का पिकलेलं? मग कुठलं? कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र केलं तेही असंच आतून बाहेर जातं, मधल्या वर्तुळात ढोबळ गट आणि कडेला बारीक नावं. त्यात तिकडची फळं आहेत, तुम्ही आपली घाला, करवंद कुणी मना केलेलं नाही. आणि लाकडाच्या पिंपात ठेवलेली असेल तर व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, धूर असं काहीतरी येतं, हजाराच्या आत ते जरा कमीच.

टवाळखोर

मसाल्याचा डबा टेबलावर, वाइनवाला आला का आमटीवाला कळायचं नाही. बरं, बाटल्यांना पेपर गुंडाळून द्या आणि मग सांगा म्हणावं कोणती कुठली. तेव्हा कळेल.

रांगडा_कोल्हापुरी

खायला काय घेताय ते कुणी विचारलंच नाही. तांबड्या रश्श्याबरोबर तुरट कॅबर्ने घेऊ नका, तिखट दुप्पट लागतं, आग होते नुसती, अनुभवी माणूस बोलतोय. तिखटाला थंड, थोडी गोडसर शेनिन. सुक्या मटणाला शिराझ चालते. पापलेट-सुरमईबरोबर जाड रेड घेतली की तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं. आणि टेस्टिंग करायचं असेल तर जेवणाआधी करा, फरसाण आणि लसणाची चटणी बाजूला ठेवून. पाणी आणि साधा पाव बास.

निवांत_ठाणेकर

रिपोर्ट देतो. टवाळखोरांच्या आग्रहाखातर पेपर गुंडाळून केलं. मुलीने बाटल्या गुंडाळून नंबर घातले, आम्हाला एवढंच माहीत की एक शेनिन, एक सोव्हिन्यों आणि दोन रेड आहेत. रेड पाऊण तास फ्रीजमध्ये होत्या आणि पहिली गोष्ट म्हणजे घशातलं ते गरम गरम गेलं, सगळ्यांना जाणवलं, काढावाल्याला पण.

मी लिहिलेलं जसंच्या तसं टाकतो, हसू नका.

एक नंबर: रंग जवळजवळ पाण्यासारखा, जरासा हिरवट. वास कैरी कापल्यावर येतो तो, मग गवत, ढोबळी मिरची हुंगून परत आलो तर हो, तीच. तोंडाला भरपूर पाणी सुटलं, थांबेचना. नाक धरून अजिबात गोड नाही. पातळ. सात-आठपर्यंत टिकली.

दोन नंबर: वास कमी, पिकलेला पेरू, थोडा मध? नाक धरूनही गोडसर. पाणी सुटलं पण लगेच थांबलं. गुळगुळीत. लवकर संपली.

तीन नंबर: जांभळाचा रंग, ग्लासातून पलीकडचं बोट दिसत नाही. जांभूळच, आणि मिरी. (एकाला मिरी आलीच नाही, त्याला स्वरालीताईंचा आकडा सांगितला तेव्हा शांत झाला.) हिरड्या सगळ्या कोरड्या पण टोचत नाही. जाड.

चार नंबर: रंग विटकरीकडे, बोट दिसतं. आंबट, रेड असून तोंडाला पाणी. वास कोकम का चिंच यावर दोन तट पडले, मी कोकमवाला. तुरटपणा पुढच्या दातांमागे.

व्हाइट चौघांच्याही बरोबर आल्या. रेडमध्ये तिघांनी चारला सांजोव्हेजे म्हटलं, ती तीच होती. सगळ्यात जास्त मतं कुणाला, तर चारपैकी सर्वांत स्वस्त होती त्या दोन नंबरच्या शेनिनला. मला स्वतःला एक आवडली.

टवाळखोर

चार आणे मान्य. कोकम मान्य नाही.

स्वराली_पुणे

ठाणेकर, हे वाचून कुणीही दुकानात जाऊन तुमची एक नंबर मागू शकेल, अजून काय पाहिजे? कोकम चालेल हो, सांजोव्हेजेला आंबट चेरी म्हणतात, कोकम काही फार लांब नाही. एकच सुचवते, दोन नंबर "लवकर संपली" लिहिलंय तरी मतं तिलाच मिळाली, तर का आवडली तेही एका वाक्यात लिहीत जा, नाहीतर वहीतली चांगली आणि प्यायला आवडणारी यांचा मेळ बसत नाही.

निवांत_ठाणेकर

गोडसर आणि गुळगुळीत म्हणून, बाकी काही नाही, आणि सोबत मित्राच्या बायकोने केलेली तिखट कोळंबी नंतर आली तेव्हा तीच बाटली आधी रिकामी झाली. तीन नंबर अर्धी उरलीये, टाकायची का?

स्वराली_पुणे

टाकताय काय! झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा, रेड असली तरी फ्रीजमध्येच, दोन-तीन दिवस छान राहते. रोज अर्धा पेला घेऊन कालच्याशी ताडून बघा, तुरटपणा आणि वास दोन्ही बदलतात. पुढच्या वेळी एवढं नको असेल तर 375 मिलीची छोटी बाटली बघा, काही लेबलांची मिळते.

दिंडोरीकर

आणि पुढच्या सीझनला बागेत या चौघं, तीन नंबरची द्राक्षं चावायला देतो. जानेवारीच्या शेवटी फोन करून विचारा तोडणी कधी ते. मात्र मुक्कामाला यावं लागेल, पहाटे पाचला सुरू करतो आणि ऊन चढायच्या आत क्रेट भरून गाडी गेलेली असते.